दुपारच्या उन्हात दिसणारा दिवा

अब्बा,

विमानाला काल एकदाचे दिवे बसले. कोणते लावायचे त्यावरून तीन आठवडे भांडण चाललं होतं आणि शेवटी मी जिंकले. भांडणात मी जे मुद्दे मांडले त्यातले निम्मे तुमचे होते, म्हणून तुम्हाला कळवावं असं वाटलं. दुसरंही एक कळवायचं आहे, तुमच्या सायकलच्या मागच्या लाल दिव्याबद्दल. ते चाळीसहून जास्त वर्षं राहून गेलंय. आज त्यावर आल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसले आहे. घरात आपण आपली बोली बोलायचो, पण लिहिताना हात शाळेतल्या मराठीतच चालतो. तुम्हीही दुकानाची पाटी मराठीतच रंगवली होतीत, तेव्हा चालवून घ्या.

आधी विमानाचं सांगते, नाहीतर म्हणाल पोरीचं डोकं फिरलं. फिरलंच आहे, पण सावकाश फिरलं. तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी निवृत्त झाले. मधल्या काळात हडपसरला ग्लायडर उडवायला शिकले, पुढे इंजिनाची विमानंही चालवली. आता धायरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान बांधते आहे. शेड माझ्या भागीदाराची. त्याच्या बापजाद्यांची जमीन तिथली, निम्म्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत आणि उरलेल्यावर हा फॅब्रिकेशनचा धंदा करतो. लोकांसाठी जिन्याचे कठडे आणि देवळांसाठी दरवाजे करता करता त्याला एकदा विमान करावंसं वाटलं, आणि मला वायरिंग येत होतं. सहा वर्षं झाली. पंख झाले, शेपूट झाली, इंजिन बसलं. दीड तासावर एक गवताची धावपट्टी आहे, तिथे नेऊन जोडायचं, तपासणी करून घ्यायची आणि पहिल्यांदा मी एकटीने उडवायचं, असं ठरलंय. माझं वय विचारू नका, तुम्हाला मोजता येतं.

उरलं होतं ते दिव्यांचं. विमान दुसऱ्या कुणावर आदळू नये, दुसरं कुणी आपल्यावर आदळू नये, म्हणून पंखांच्या टोकांना आणि शेपटीला लुकलुकणारे दिवे लावतात. माझा भागीदार म्हणाला, "मॅडम, आपलं इमान दिवसा उडनार. गवतावरनं उडनार नि गवतावर उतरनार. लायटी कशाला? वजन हाय, करंट खातंय, आन् वरती बघायला हाय कोन?" मी म्हटलं, लागतील. तो म्हणाला, मग त्या मोटारसायकलवाल्या पोरांचे फ्लॅशर लावू, डोळे दिपतात नुसते. आणि खरंच पेठेतल्या एका दुकानातून घेऊनही आला. दुकानदाराने काउंटरखाली अंधारात धरून दाखवला होता म्हणे, आणि हा खूश. मला तिथेच तुम्ही आठवलात. तुम्ही कधीही दुकानात दिवा पेटवून घेतला नाहीत. बल्ब हातात घ्यायचा, मंडईच्या दारात भर उन्हात यायचं आणि तिथे जोडून बघायचं. दुकानदार वैतागायचे. तुमचं म्हणणं असायचं, "अंधारात काडेपेटीसुद्धा शहाणी दिसते." मी त्याला म्हटलं, चला बाहेर उन्हात. दुपारी बारा वाजता तो फ्लॅशर वीस पावलांवरून पेटलाय की विझलाय ते कळेना. भागीदाराला तरीही पटलं नव्हतं. हट्टाला पेटला की तो तोंडात सुपारी टाकतो, तशी टाकली.

मला दिवे का हवे होते तेही त्याला सांगितलं. ग्लायडर शिकत असताना एकदा मी टेकडीच्या वर घिरट्या घालत होते. आभाळ पांढरट, उन्हाने भाजलेलं. समोरच्या काचेवर एक ठिपका होता, माशी बसल्यासारखा, हलतही नव्हता. म्हणून मी त्याच्याकडे बघितलं नाही. आणि एकाएकी त्या ठिपक्याचे पंख झाले, पांढरं पोट झालं, आणि दुसरं ग्लायडर माझ्या डोक्यावरून सूं करून निघून गेलं. खाली उतरल्यावर तो दुसरा वैमानिक म्हणाला, "दिसलंच नाही हो." नंतर माझ्या शिक्षकांनी समजावलं, जे बरोबर आपल्यावर येणार असतं ते काचेत हलत नाही. बाजूने जाणारं सरकतं आणि डोळ्याला दिसतं. नेमकं धडकणारं जागच्या जागी मोठं होत राहतं, आणि डोळा न हलणाऱ्याला विसरतो. मला त्या दिवशी भीती वाटली ती आदळण्याची कमी आणि त्या तीन शब्दांची जास्त. ते मी आधी एकदा ऐकले होते, हॉस्पिटलात, तुमच्या खाटेपाशी.

पण ते पुढे. आधी तुमचा ड्रम. आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. गणपतीत मंडळांच्या कमानींवर दिवे पळायचे ते एका लाकडी ड्रमवर. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, जुन्या पंख्याची मोटर त्याला फिरवायची आणि वरून तांब्याच्या पात्या घासत राहायच्या. पट्टी आली की दिवे लागायचे, लाकूड आलं की विझायचे. चक्र फिरायचं, मोर पिसारा उघडायचा, सगळं त्या फिरत्या लाकडावर. मंडईच्या आसपासची चार-पाच मंडळं तुमची होती. एका वर्षी मी नववीला होते आणि तुम्ही पट्ट्या ठोकायचं काम मला दिलंत. मला वाटलं, जास्त उजेड म्हणजे जास्त शोभा. मी पट्ट्या लांब कापल्या, लाकूड नावालाच ठेवलं. कमान पेटवली तर नुसती भकभक. तुम्ही दोन मिनिटं बघत राहिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढाच उजेड करायचा होता तर ट्यूबलाइट लावायची. आपली मजुरी कशाला?" मंडळाची पोरं हसली. मला रडू आलं. मग तुम्ही पट्ट्या उपटून काढल्यात आणि जवळ बसवून हळू आवाजात सांगितलंत, "बेटा, अंधार जास्त ठेव. विझल्यावर माणूस बघतो, पेटल्यावर नाही."

आणि तुमची ती तपासणीची पद्धत. काम झालं की तुम्ही कमानीकडे पाठ करून निघायचात. पार मंडईच्या पलीकडच्या टोकाला जायचं, कोथिंबिरीची जुडी घ्यायची, भाव करायचा, आणि कोथिंबिरीवरच डोळे ठेवून वळायचं. दिव्याने स्वतःहून हाक मारली तर काम झालं. तेवढ्यावरही तुमचा विश्वास नसायचा, कारण दिवा कुठे आहे ते तुम्हाला माहीत असायचं. म्हणून कुणा अनोळखी भाजीवालीला विचारायचात, "काय दिसलं?" एकदा मी मध्येच बोलले, "मावशी, ते दिवे दिसतात ना?" तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत. "असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? बघ म्हटलं की आंधळाही मान वळवतो."

तर धायरीला मी हेच केलं. तीन प्रकारचे दिवे आणवले. एक जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळीतून लखकन् चमकणारा, त्याच्यासोबत एक जड पेटी येते आणि रेडिओत टिकटिक ऐकू येत राहते. एक लाल, गोल फिरणारा. आणि एक एलईडीचा, बोटाएवढा, विमानासाठीच बनवलेला, महाग. टेकडीच्या पायथ्याला भागीदाराचं एक रान अजून विकायचं राहिलंय, त्याच्या एका टोकाला दुपारी बाराला खांबावर दिवे बांधले. दुसऱ्या टोकाला त्याची बायको शेवग्याच्या शेंगा उतरवत होती, तिला काही सांगितलं नव्हतं. लाल दिवा पाच मिनिटं फिरला, तिने मान वर केली नाही. नळीचा दिवा लावल्यावर एकदा बघितल्यासारखं केलं. एलईडीचा लावला आणि ती हातातली आकडी टाकून ओरडली, "अवं, तिकडं आरसा कोन चमकावतंय? डोळ्यात येतंय की माज्या!" मला इतका आनंद झाला की मी रानातून धावत गेले आणि त्या बाईला मिठी मारली. तिला वाटलं, मॅडमना ऊन लागलं. भागीदार म्हणाला, "बरं. लायटी पास झाल्या, आता तुमी म्हनाल तसं."

इथे मी चूक केली. अशी चूक तुमचीच पोरगी करू जाणे. दिवे ठरले म्हटल्यावर त्यांचा क्रम ठरवायचा होता, आणि माझ्या डोक्यात तुमची कमान. मी एक सर्किट बनवलं, आधी शेपूट लुकलुकेल, मग डावा पंख, मग उजवा, परत शेपूट. शेडमध्ये पंख अजून जोडले नव्हते, टेकूंवर ठेवले होते, त्यांच्यावर दिवे पळायला लागले आणि मी टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांत विमान पहिल्यांदा सुंदर दिसलं. भागीदार दारातून बघत होता. म्हणाला, "झकास. नवरदेव कुटं बसवायचा?" मी चिडले. पण सगळं बाहेर रानात नेऊन लांबून बघितलं तर त्याचं बरोबर होतं. नजर एका दिव्यावर जाते तोवर तो विझून दुसरीकडे लागतो, आणि विमान नक्की कुठे आहे तेच समजत नाही. माणूस उभा राहून बघत असेल तर पळणारा दिवा त्याचं मन रमवतो. समोरून तासाला दोनशेच्या वेगाने येणाऱ्याला रमायला वेळ नसतो. मी ते सर्किट स्वतःच्या हाताने उपटलं, तुम्ही माझ्या पट्ट्या उपटल्या होत्यात तसंच. तिन्ही दिवे एकदम लागले पाहिजेत, एकदम विझले पाहिजेत, आणि अंधार जास्त.

अंधार किती जास्त, हे बघायला मी तुमचा ड्रम शोधायचं ठरवलं. पुस्तकात आकडे आहेत, दिवा बनवणाऱ्यांनी तो क्रम आतच बसवून दिलेला असतो, गरज काहीच नव्हती. पण मला तुमचं माप बघायचं होतं. पेठेतलं घर सोडून अम्मीला कोथरूडला माझ्याकडे आणलं तेव्हा एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर टाकली होती, ती कधी उघडलीच नव्हती. मागच्या रविवारी ती खाली काढली. ड्रम होता. पट्ट्या काळ्या पडलेल्या. मोजपट्टी लावून बघितलं, एक बोट तांबं आणि चार बोटं लाकूड. नवीन दिव्याचं मापही साधारण तेच निघालं. मी जमिनीवर बसून हसले. मग ड्रमच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, माझं विमान सापडलं.

आता ते सांगते. दहावीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी कामट्यांचं आणि पतंगाच्या कागदाचं विमान केलं होतं. त्याच्या शेपटीला लाल दिवा हवा होता. तुमची सायकल दाराशी टेकलेली होती. मागचा लाल दिवा मी पान्याने काढला, घरातल्या दोन सेलवर जोडला, वायर नुसती पीळ देऊन. संध्याकाळपर्यंत परत लावायचा असं मनाशी ठरवलं होतं आणि मग विमानात रमून गेले. गणपतीला आठ दिवस होते. तिन्हीसांजेला तुम्ही बल्बची पेटी आणायला सायकलवरून स्वारगेटकडे निघालात. मी वरच्या खोलीतून तुमच्या सायकलची घंटी ऐकली. मला दिवा आठवला, अब्बा. तेव्हा आठवला. खिडकीतून हाक मारता आली असती. मी विचार केला, हाक मारली तर बोलणी बसतील, आत्ताच तर गेलेत, आत्ताच येतील.

मागून टेम्पो आला. तुमच्या मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो टेम्पोवाला हॉस्पिटलात आला, टोपी हातात घेऊन खाटेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "दिसलेच नाहीत हो. मागं दिवाच नव्हता." मी पायथ्याशी उभी होते. तुम्ही त्याला म्हणालात, "पडला असेल कुठेतरी खड्ड्यात. तुमची चूक नाही, तुम्ही जा." तुम्ही परत कधी शिडी चढला नाहीत. कमानी दुसऱ्यांकडे गेल्या, तुम्ही दुकानात बसून ड्रम करत राहिलात, आणि ड्रमही काही वर्षांनी बंद झाले. आणि अम्मी, दुःखाने म्हणा, रागाने म्हणा, दर दोन दिवसांनी म्हणायची, "सगळ्या गावाला दिवे लावले, आणि स्वतःच्या सायकलला एक नीट लावता आला नाही. इतका निष्काळजी माणूस." तुम्ही ऐकून घ्यायचात. मीही ऐकून घ्यायचे. तुम्ही गेल्यावरही तिचं ते वाक्य बंद झालं नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर, कुबडीवर चालत, तुम्ही पहिली वस्तू बाजारातून आणलीत ती माझ्यासाठी, सोल्डरिंग आयर्न. म्हणालात, "पीळ देऊन जोडलेलं हादऱ्याने सुटतं. नीट जोडायला शीक." मला वाटलं, सहामाहीला चांगले गुण पडले म्हणून असेल. त्या एका वस्तूवर माझं अख्खं आयुष्य झालं, आणि मी कधी विचारलं नाही की मी पीळ दिला होता हे तुम्हाला कुठे दिसलं.

रविवारी दिसलं. मी ते विमान पेठेतल्या घराच्या माळ्यावर अडगळीमागे दडवलं होतं आणि पुन्हा कधी हात लावला नव्हता. आता त्याच्या शेपटीला तोच लाल दिवा आहे, पण माझा पीळ नाही. वायर व्यवस्थित सोल्डर केलेली आहे, आणि त्यावर मेण लावलेला काळा दोरा गुंडाळलेला, वेढ्याला वेढा चिकटवून, टोक आत दाबलेलं. उन्हात टेप सुटते म्हणून तुम्ही आयुष्यभर जोडावर दोराच गुंडाळलात, आणि तसा वेढा पुण्यात दुसरं कुणी घालत नव्हतं. तुम्ही मोडलेल्या पायाने माळ्यापर्यंत कसे पोचलात ते मला कळत नाही. दिवा सापडल्यावर तुम्ही तो सायकलला परत लावला नाहीत. माझ्या विमानाला नीट बसवून ठेवलात. आणि अम्मीचं बोलणं ऐकत राहिलात, पोरीवर यायला नको म्हणून. मी त्या दिवशी जमिनीवर बसून खूप रडले. तुमच्यावर रागही आला. एकदा कान धरला असतात तर मी मोकळी झाले असते.

काल दिवे बसवले. तिन्ही जोड सोल्डर केले आणि वरून मेणाचा दोरा गुंडाळला. तपासणीला येणारा माणूस विचारेल हे काय, तर सांगेन, आमच्या घरची पद्धत. विमान आणि टेकूंवरचे पंख रानात आणून भागीदाराने इंजिन सुरू केलं, मी रानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत पाठ करून गेले, वहिनींकडून शेवग्याच्या शेंगांची जुडी घेतली, शेंगांकडे बघत वळले. दिव्यांनी हाक मारली. मी हे विमान उडवणार आहे, अब्बा, आणि मी येताना सगळ्यांना दिसेन.

घरी येऊन अम्मीला सांगितलं, दिवे लागले. तिला आता ऐकू कमी येतं, पण हे आलं. म्हणाली, "नीट लाव गं. तुझ्या अब्बांसारखं करू नकोस." मी तिच्यासमोर उभी होते, तोंड उघडलं, आणि विचारलं, "चहा घेणार?" मागच्या रविवारपासून हा सातवा चहा. तिलाही संशय यायला लागलाय, आज म्हणाली, एवढी सेवा कशासाठी?

म्हणून एक कबूल करते. हे पत्र तुमच्यासाठी म्हणून लिहायला घेतलं खरं, पण तुम्हाला यातलं काहीच नवं नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं. ही तिच्यासमोर बोलायची तालीम आहे. तिला राग येईल, आणि त्याहून वाईट, तिला तुम्हाला बोललेलं सगळं आठवेल. तरीही तुमच्यावरचा तो 'निष्काळजी' शब्द तिच्या तोंडातून कायमचा जायला हवा, आणि तो मी उडायच्या आधी. कागद मी ड्रमखाली ठेवते आहे. विमान हातात घेते, दोरा गुंडाळलेला तिला बोटांनी चाचपता येईल. ती आत हाक मारते आहे. दारातून आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच म्हणायचं, की सायकलचा दिवा मी काढला होता, अम्मी. दुसऱ्या कशाने सुरुवात केली तर मी पुन्हा चहाचं विचारून परत येईन.